उंदीर पाचव्या परिच्छेदात

रात्रीचे साडेअकरा. पान सुटायला वीस मिनिटं. एजन्सीची बातमी समोर: स्मृतिभ्रंशावरच्या एका नव्या औषधाचा उंदरांवर चांगला परिणाम दिसला. मथळा दोन कॉलमांत बसवायचा होता आणि एक शब्द जास्त होत होता. मी 'उंदरांवर' काढला. मथळा झाला 'स्मृतिभ्रंशावर औषध सापडले'. खाली बातमीत उंदीर होतेच, त्यामुळे आपण काही खोटं छापतोय असं तेव्हा मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेस्कवर फोन आला. वयस्कर माणूस, आवाज अगदी शांत. बायकोला चार वर्षांपासून हा आजार आहे, औषध कुठे मिळेल एवढंच विचारायचं होतं. प्रयोग अजून उंदरांवरच आहे, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "हो का? मग तसं लिहायचं ना." आणि फोन ठेवला. चिडलेसुद्धा नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

याला बरीच वर्षं झाली. पण विज्ञान पत्रकारितेवर कुठे चर्चा निघाली आणि कोणी म्हणालं की 'विज्ञान सोप्या भाषेत लोकांपर्यंत पोचवायला हवं', की मला तो फोन आठवतो. सोपं करण्यात मी पटाईत होतो. 'उंदरांवर' काढल्यावर बातमी सोपीच झाली होती की! म्हणून आज जरा लांबण लावतोय. माझं म्हणणं असं की विज्ञानाच्या बातमीदाराचं पहिलं काम 'हे तुम्हाला कशावरून कळलं?' असं विचारायचं. सोपं करणं नंतर. आणि या धंद्याच्या इतिहासात हा प्रश्न विचारायला फार उशिरा सुरुवात झाली.

सुरुवातीला भाव होता तो चमत्काराला. १८३५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' या पेपरने सहा हप्ते छापले: जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाला दुर्बिणीतून चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसली. हर्शेल खरा, तेव्हा तो दक्षिण आफ्रिकेत आकाश बघत होता हेही खरं, बाकी सगळी लोणकढी. त्यानंतर ८४ वर्षांनी, १९१९ च्या नोव्हेंबरात, ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो या आइन्स्टाइनच्या सिद्धांताला ग्रहणाच्या निरीक्षणांतून पुष्टी मिळाल्याचं लंडनमध्ये जाहीर झालं. 'न्यूयॉर्क टाइम्स'साठी ही बातमी केली त्यांच्या गोल्फच्या बातमीदाराने. मथळ्यांत वाचकांना दिलासा दिला होता की तारे दिसतात तिथे नाहीत, पण कोणी काळजी करू नये. शिवाय हे जगात फक्त बारा जणांना कळेल, अशीही पुस्ती होती. मला हे मथळे मनापासून आवडतात. पण ते वाचून वाचकाने काय करायचं? तोंडाचा आ करायचा आणि पान उलटायचं.

पुढे यात शिस्त आली. अमेरिकेत १९२१ मध्ये वृत्तपत्रांना विज्ञानाच्या बातम्या पुरवणारी 'सायन्स सर्व्हिस' निघाली, १९३४ मध्ये विज्ञान लेखकांची संघटना झाली आणि १९३७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या त्रिशताब्दी समारंभातलं विज्ञान वाचकांपर्यंत नेल्याबद्दल पाच बातमीदारांना मिळून पुलित्झर हे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. त्या पाचांत एक आपले गोविंद बिहारी लाल होते. पुलित्झर मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. धंद्याला मान मिळाला. त्याबरोबर शास्त्रज्ञांच्या पंगतीला बसायची सवयही लागली.

त्याच पाचांतला दुसरा, 'न्यूयॉर्क टाइम्स'चा विल्यम लॉरेन्स. १९४५ मध्ये लष्कराने त्याला अणुबॉम्बच्या गुप्त प्रकल्पात घेतलं. सरकारची प्रसिद्धिपत्रकं तो लिहायचा. नागासाकीवर बॉम्ब पडला तो त्याने सोबतच्या विमानातून पाहिला. अणू म्हणजे काय हे त्याच्याइतकं कळणारा दुसरा बातमीदार क्वचितच असेल. तरी सप्टेंबरात जपानमधून किरणोत्सर्गाने माणसं मरत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा त्याने लष्करी अधिकाऱ्यांच्या शब्दावर लिहिलं की हा जपानी प्रचार आहे, बळी गेले ते स्फोटाने. पुढच्या वर्षी त्याला आणखी एक पुलित्झर मिळालं.

त्याच सप्टेंबरात विल्फ्रेड बर्चेट हा ऑस्ट्रेलियन युद्धवार्ताहर एकटाच रेल्वेने हिरोशिमाला पोचला होता. विज्ञानाशी त्याचा संबंध नव्हता. तो रुग्णालयात गेला. अंगावर जखम नाही, भाजल्याची खूण नाही, तरी केस गळताहेत, रक्त येतंय आणि माणसं मरताहेत, असं त्याला दिसलं. त्याने ते तसंच लिहिलं आणि ५ सप्टेंबरच्या लंडनच्या 'डेली एक्स्प्रेस'मध्ये ते छापून आलं. या रोगाला नाव नव्हतं, म्हणून त्याने 'अणूची साथ' म्हटलं. शास्त्रीय दृष्ट्या शब्द चुकीचा. बातमी मात्र खरी.

आता यातून कोणी 'म्हणजे विज्ञान न शिकलेलाच बरा' असा अर्थ काढू नका. मी स्वतः बारावीनंतर विज्ञान सोडलं आणि त्याचे चटके भरपूर खाल्ले. लॉरेन्स अडाणीपणामुळे फसला नाही. माहिती ज्याच्याकडून मिळते त्याच्याशी वाकडं घ्यायचं नाही, इथे तो फसला. हा रोग आजही आहे, फक्त लष्कराच्या जागी विद्यापीठं, कंपन्या आणि नियतकालिकं आली.

आकड्यांचं प्रकरण मात्र वेगळं. तिथे लबाडी लागत नाही, घाई पुरते. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. 'दुप्पट' हा शब्द मथळ्यासाठी जन्मालाच आलेला. तो सगळीकडे गेला. मूळ आकडे असे होते: जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० बायकांमध्ये एकीला गुठळी व्हायची, नव्या गोळ्यांनी दोघींना. म्हणजे सात हजारांत एक जास्त. हेही दुप्पटच, आकडेमोडीत कुठे चूक नाही. पण घाबरून बायकांनी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. आणि गंमत म्हणावी की काय, गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो.

'कितीच्या दुप्पट?' एवढाच प्रश्न. बातमीदाराने विचारला नाही, उपसंपादकाने विचारला नाही, आणि समितीनेही सात हजार हा आकडा ठळकपणे पुढे ठेवला नव्हता. मी त्या डेस्कवर असतो तर? 'दुप्पट'च लावला असता. वर ठळक.

बरं, सगळं पाप पत्रकारांच्या माथी मारायचं तर तसंही नाही. कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या २० मोठ्या विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं मूळ शोधनिबंधांशी आणि छापून आलेल्या बातम्यांशी ताडून पाहिली. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून माणसांबद्दल वाढवून बोलणारी पत्रकं ३६ टक्के निघाली. पत्रकातच फुगवलं असेल तर ८६ टक्के बातम्याही फुगलेल्या. पत्रक नेमस्त असेल तर फक्त १० टक्के. म्हणजे उंदीर बऱ्याचदा डेस्कवर पोचायच्या आधीच गायब झालेला असतो. आणि फुगवल्यामुळे पत्रकाला जास्त प्रसिद्धी मिळाली असंही दिसलं नाही. फुकटची हौस!

दुसरा एक खड्डा समतोलाचा. राजकारणाच्या बातमीत दोन्ही बाजू घेणं हा आमचा धर्म. तोच नियम हवामान बदलाला लावला की एका बाजूला हजारो शास्त्रज्ञांचं एकमत, दुसऱ्या बाजूला एखादा नाही म्हणणारा, आणि दोघांना सारख्या ओळी. १९८८ ते २००२ या काळातल्या अमेरिकेच्या नावाजलेल्या वृत्तपत्रांतल्या बातम्या तपासल्या तेव्हा निम्म्याहून जास्त बातम्या अशाच निघाल्या. वाचकाला वाटलं की सामना बरोबरीचा आहे. यावर जास्त लिहीत नाही, बरंच लिहून झालंय.

मग चांगलं काम दिसतं कसं? कोविडच्या पहिल्या उन्हाळ्यातलं एक उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. २२ मे २०२० रोजी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध आला. ६७१ रुग्णालयांतल्या ९६,००० रुग्णांची माहिती, निष्कर्ष असा की कोविडवर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाने मृत्यू वाढतात. नियतकालिक जगातलं अव्वल, आकडा प्रचंड. तीनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची आपली चाचणी थांबवली. जगभर मथळे. कोण शंका घेणार?

'गार्डियन'च्या ऑस्ट्रेलियातल्या बातमीदार मेलिसा डेव्ही यांनी घेतली. निबंधात म्हटलं होतं की ऑस्ट्रेलियातल्या पाच रुग्णालयांत २१ एप्रिलपर्यंत ७३ मृत्यू झाले. त्या तारखेला अख्ख्या देशातले कोविडचे मृत्यू होते ६७. पाच रुग्णालयांत देशापेक्षा जास्त मेले कसे? त्यांनी रुग्णालयांकडे आणि आरोग्य खात्यांकडे चौकशी केली. कोणी अशी माहिती दिलीच नव्हती. माहिती गोळा करणारी कंपनी म्हणाली की आशियातलं एक रुग्णालय चुकून ऑस्ट्रेलियात धरलं गेलं. त्याच आठवड्यात शंभरावर शास्त्रज्ञही जाहीर पत्र लिहून मूळ माहिती दाखवा म्हणून धरून बसले. मूळ माहिती कोणालाच दाखवता आली नाही. ४ जूनला निबंध मागे घेतला गेला.

७३ आणि ६७. या वजाबाकीला पीएचडी लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि तो वेळ देणारा संपादक लागतो. गाडी अडते ती इथेच. अमेरिकेत १९८९ मध्ये ९५ वृत्तपत्रांची दर आठवड्याला विज्ञानाची वेगळी पानं निघत. २००५ मध्ये ३४ राहिली, २०१२ मध्ये १९. त्या पानांवरची माणसं गेली कुठे? काही स्वतःचे ब्लॉग, पॉडकास्ट, व्हिडिओ करायला लागली, त्यातली काही आमच्यापेक्षा कितीतरी सरस काम करतात हे मोकळेपणाने मान्य. बरीचशी मात्र गेली संशोधन संस्थांच्या जनसंपर्क विभागांत. पगार वेळेवर होतो, रात्री जागावं लागत नाही. मी दोष देणार नाही, मलाही एकदा बोलावणं आलं होतं आणि मी दोन रात्री विचार केला होता.

माझा एक जुना सहकारी सध्या अशाच एका संस्थेत आहे. माझ्याबरोबर त्याच डेस्कवर होता, त्या फोनची गोष्ट त्याला पाठ आहे. गेल्या महिन्यात त्याने एक पत्रक पाठवलं. मथळ्यात 'पार्किन्सन्सच्या रुग्णांना आशेचा किरण', पहिल्या परिच्छेदात 'क्रांतिकारक', दुसऱ्यात संचालकांचं म्हणणं, तिसऱ्यात निधी कोणी दिला ते. मी त्याला फोन लावला.

"अरे, प्रयोग कोणावर झालाय?"

थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आहे ना रे उंदीर. पाचव्या परिच्छेदात बघ."