‘अडाणी आजीनं मुलांना शिकवू नये’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे: ‘गरीब घरातली मुलं मागे का पडतात? विज्ञानाचं उत्तर.’ आधी मी तो बघून सोडून दिला होता. मग तो आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या घरी पोचला. सुनेनं वाचून दाखवला आणि दुसऱ्या दिवशी मावशींनी मला विचारलं, “ताई, मंग मी पोरीशी बोलाचंच नाही का? मले तर लिव्हाले-वाचाले येत नाही.” नात चार वर्षांची आहे, वस्तीतल्या अंगणवाडीत जाते. तिला तिथून काढून कॉन्व्हेंटमध्ये टाकायचं आणि फीसाठी बचत गटातून कर्ज उचलायचं, इथपर्यंत त्यांच्या घरात बोलणं गेलंय. म्हणून हे लिहिते आहे.

मेसेजची सुरुवात एका आकड्यानं होते. चार वर्षांचं होईपर्यंत गरीब घरातलं मूल सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा 3 कोटी शब्द कमी ऐकतं, हे म्हणे सिद्ध झालंय. नाही झालेलं. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली या अमेरिकन संशोधकांनी 1995 मध्ये हा आकडा मांडला. अभ्यासात कुटुंबं होती 42, आणि त्यात सरकारी मदतीवर जगणारी फक्त 6. महिन्यातून एक तास घरी जाऊन जे बोलणं टिपलं, त्यावरून चार वर्षांचा हिशेब बांधला. सहा अमेरिकन घरांवरून नागपूरच्या झोपडपट्टीतल्या आईला दोषी ठरवायचं? 2018 मध्ये डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी हाच विषय पुन्हा तपासला, तेव्हा ती दरी तशी सापडली नाही. गरीब वस्त्या-वस्त्यांमध्येच मोठा फरक दिसला, आणि मुलाच्या आसपास घरातली इतर माणसं जे बोलतात तेही मोजलं तर चित्र आणखी बदललं. अभ्यासकांचा यावर वाद अजून चालू आहे.

यातलं एक मात्र मान्य करावं लागेल. मुलाकडे बघून, त्याच्याशी बोललेलं बोलणं फार मोलाचं असतं, आणि सकाळी सहाला घर सोडून चार घरची कामं करणाऱ्या आईला त्यासाठी वेळ उरत नाही. पण ही वेळेची आणि पैशाची अडचण आहे. आईच्या अडाणीपणाशी तिचा संबंध नाही.

आणि पुढचा मुद्दा तर संतापजनक आहे: ‘निरक्षर आई-आजीनं शिकवण्याच्या भानगडीत पडू नये, गावंढळ बोली मुलांच्या कानावर पडू देऊ नये.’ हे लिहिणाऱ्यानं लहान मूल भाषा कशी शिकतं ते कधी पाहिलेलं दिसत नाही. मावशींची नात कधीकधी आमच्याकडे येते. मावशी मेथी निवडायला घेतात, पोरगी शेजारी बसते. “पान इकडं, काडी तिकडं.” पोरगी विचारते, काडी काऊन फेकतं? मावशी सांगतात, गायीले देऊ. मग गाय कोणाची, ती कुठं बसते, तिचं वासरू कसं हरवलं होतं, सगळं निघतं. विचारणं, उत्तर ऐकणं, वेगळं करणं, घडलेलं क्रमानं सांगणं, पुढच्या वाचनाचा पाया याच्यावरच उभा राहतो. आपल्याकडच्या भुलाबाईच्या खेळाचंच घ्या. महिनाभर रोज यमक जुळणारी गाणी, आणि शेवटी डब्यातला खाऊ गोड की तिखट असं विचारत विचारत ओळखायचा. शब्दांतले आवाज ओळखायला मुलांना याहून चांगला सराव कुठे मिळणार?

माझ्या म्हणण्याला आधार हवा असेल तर तोही आहे. रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलंड यांनी बिहार आणि राजस्थानच्या खेड्यांमध्ये केलेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. काही आयांना साक्षरता वर्ग दिले, काहींना घरी मुलांच्या अभ्यासात कसं लक्ष घालायचं ते दाखवलं, काहींना दोन्ही. तिन्ही गटांत मुलांचे गणिताचे गुण वाढले. वाढ मोठी नव्हती, हेही सांगते. पण ज्या बायकांना हा मेसेज गप्प बसायला सांगतो, त्यांनी लक्ष घातलं की मुलांना फायदा होतो, हे तिथे दिसलं. आणि बोलीचं म्हणाल तर ‘मले-तुले’ म्हणणारं पोर ‘मला-तुला’ शाळेत सहज शिकतं. घरात छत्तीसगढी किंवा गोंडी असेल तर तीच बोला. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हणतं.

अडीच वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल द्या म्हणे. त्या बोटांना आधी कणीक मळू द्या, मातीत रेघोट्या ओढू द्या. रोज दोन तास इंग्रजी राइम्सचे व्हिडिओ? जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच सांगितलंय की 2 ते 4 वर्षांच्या मुलांना बसून पडदा बघायला दिवसाला एक तासाच्या वर नको, कमी तितकं बरं. मोबाइल हातात घ्यायचाच तर स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीतली चित्रांची पुस्तकं फुकट आहेत. ती उघडा आणि चित्रात काय चाललंय ते मुलाला सांगू द्या. त्यासाठी आजीला अक्षर यावं लागत नाही.

राहिली अंगणवाडी, मेसेजच्या शब्दांत ‘जिथे फक्त खिचडी मिळते’. अंगणवाड्या जिच्यात चालतात ती एकात्मिक बालविकास योजना 1975 मध्ये सुरू झाली तेव्हापासून 3 ते 6 वयाचं पूर्वप्राथमिक शिक्षण तिच्या कामात आहे. आणि त्याच्याही कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन हेच काम केलं. सगळ्या अंगणवाड्या चांगल्या चालतात असं मी म्हणणार नाही. कुठे खोली अपुरी, कुठे पुस्तकं नाहीत, आणि सेविकेचा वेळ वजनं, सर्वेक्षणं आणि मोबाइलवरच्या नोंदींत जातो. ज्यांना मेसेज फॉरवर्ड करायला वेळ आहे, त्यांनी नगरसेवकाला गाठून याबद्दल विचारावं. मावशींना मी सांगितलंय, कर्ज काढू नका, पोरीला अंगणवाडीत रोज पाठवा, आणि संध्याकाळी ती तिथलं काय काय सांगते ते ऐकत बसा.