कीटकनाशक कारखान्याची जागा साफ झाली, हे सांगायचं कुणी?

बंद पडलेल्या कीटकनाशक कारखान्याच्या जागेवर घरं बांधणार, अशी बातमी आली की दोनच सूर ऐकू येतात. एक, विषारी जमीन आहे, कुंपण घाला आणि कुणाला फिरकू देऊ नका. दुसरा, वरची माती काढून नवी टाका की झालं, एवढी मोक्याची जागा पडून कशाला ठेवायची? मला दोन्ही पटत नाहीत. माती तपासणीच्या कामात असल्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. लांब झालंय, पण वाचा.

आधी कुंपणाचं. कुंपणाने माणसं अडतात, पाणी अडत नाही. भोपाळची २ डिसेंबर १९८४ ची रात्र सगळ्यांना ठाऊक आहे. पण युनियन कार्बाइडच्या त्या कीटकनाशक कारखान्याचा रासायनिक कचरा त्याच्या आधीपासून आवारात पडत होता आणि सांडपाण्याचे तलाव बाहेर होते, हे फार कमी जणांच्या लक्षात असतं. कारखाना बंद झाला, माती मात्र तिथेच राहिली. दर पावसाळ्यात पाणी तिच्यातून झिरपत राहिलं. आसपासच्या वस्त्यांना पिण्याचं स्वच्छ पाणी द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला काढावा लागला. आवारातून गोळा करून गोदामात ठेवलेला सुमारे ३३७ टन कचरा तिथून हलला तो जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. तोही इंदूरजवळच्या पीथमपूरला जाळायला नेला, तर तिथले लोक रस्त्यावर उतरले. त्यांचं काय चुकलं? आणि हा झाला फक्त बांधून ठेवलेला कचरा. दूषित मातीचा नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेचा अंदाज ११ लाख टनांचा होता. म्हणजे 'तूर्तास राहू दे' हासुद्धा एक निर्णयच असतो, आणि त्याची किंमत शेजारच्या वस्तीतले लोक मोजतात.

ही रसायनं इतकी चिवट का, हे थोडं समजून घ्यायला हवं. डीडीटी हे जुनं कीटकनाशक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीच्या बारीक कणांना धरून बसतं. वर्षानुवर्षांनी त्याचं रूप बदलतं, पण जे डीडीई तयार होतं तेही तितकंच चिवट. त्याआधीच्या काळात शिशाचं आणि आर्सेनिकचं संयुग फवारायचे. आर्सेनिक तर मूलद्रव्यच, ते विघटन होऊन जाणार कुठे? लिंडेन या कीटकनाशकाची गोष्ट सगळ्यात वाईट. एक टन लिंडेन काढताना साधारण आठ ते दहा टन टाकाऊ पावडर उरते, आणि ती कारखान्याच्या मागेच पुरलेली सापडते. लिंडेन ज्या मिश्रणातून काढतात त्या बीएचसी पावडरीचा कुबट वास ज्यांना आठवतो त्यांना सांगते, पन्नास वर्षं पुरलेल्या मातीचा नमुना वर काढला तरी तोच वास येतो. शिवाय कारखान्यातले क्लोरीनयुक्त द्रावक पाण्यापेक्षा जड असतात. ते भूजलावर तरंगत नाहीत, त्याच्या तळाशी जाऊन बसतात आणि खडकाच्या फटींत शिरतात. वरची दोन फूट माती बदलून त्यांना काय फरक पडणार?

'झाकून टाका' म्हणणाऱ्यांनी अमेरिकेत मिशिगनमधल्या सेंट लुईस गावाची हकीकत बघावी. नदीकाठी डीडीटीचा कारखाना होता, १९७८ मध्ये बंद झाला. १९८२ मध्ये कंपनीशी तडजोड झाली. इमारती पाडून तिथेच पुरल्या, भोवती जमिनीत चिकणमातीची भिंत घातली, वरून मातीचं झाकण. आणि दाराशी एक दगड उभा केला, अगदी थडग्यावर असतो तसा, आत विषारी रसायनं पुरली आहेत असा इशारा कोरलेला. काम संपलं असं सगळे धरून चालले. पुढे कळलं की झाकण आणि भिंत दोन्ही गळताहेत. नदीच्या गाळात डीडीटी मिळालं. शेजारच्या घरांच्या हिरवळीवर रॉबिन पक्षी मरून पडायचे. ते तपासले तर त्यांच्या अंगात डीडीटी, कारखाना बंद होऊन तीस-पस्तीस वर्षं झाल्यावर! हिरवळीतले किडे खाऊन ते त्यांच्या पोटात गेलं होतं. मग त्या अंगणांतली माती काढावी लागली, आणि कारखान्याची जमीन जागच्या जागी तापवून रसायन बाहेर काढायचं काम २०१८ मध्ये सुरू झालं. कंपनी केव्हाच मोकळी झाली होती. नंतरचा बहुतेक खर्च सरकारी तिजोरीतून.

बरं, खणून काढायचं म्हटलं तर तेही साधं नाही. स्पेनमधल्या साबिन्यानिगोजवळ लिंडेनच्या कचऱ्याची जुनी टेकडी नव्या, अस्तर घातलेल्या खड्ड्यात हलवायचं काम २०१४ मध्ये चालू होतं. हेतू चांगलाच होता. पण उघडी पडलेली घाण गायेगो नदीत गेली आणि खालच्या गावांना नळाचं पाणी पिणं थांबवावं लागलं. खोदकामात धूळ उडते, वाफा निघतात, पावसाचं पाणी खड्ड्यात साचतं. साफसफाईचे हेच महिने सगळ्यात धोक्याचे असतात, आणि घाई नेमकी तेव्हाच होते.

घाई का होते? कारण अशी जागा साफ करायला पैसा बहुतेक वेळा पुनर्विकासातूनच येतो, आणि मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही ती याच कारणाने. तो पैसा नसेल तर बहुतेक ठिकाणी गंजलेलं फाटक आणि वाढलेलं गवत, एवढंच उरतं. पण त्या पैशाला व्याज लागलेलं असतं, ताबा द्यायची तारीख ठरलेली असते. ज्या पैशामुळे माती साफ होते, तोच पैसा 'आटपा लवकर' म्हणत असतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की साफ करणारा, विकणारा आणि 'साफ झालं' असा शिक्का मारणारा, या तिघांचे हात वेगळे हवेत.

बिल्डरच्या जागी सरकार आलं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. न्यूझीलंडमधल्या मापुआ गावात फळबागांसाठी कीटकनाशकं बनवणारा कारखाना १९३२ ते १९८८ चालला. जागा अगदी खाडीकाठची, सुरेख. तिथे माती वाळवून, पोलादी गोळ्यांच्या चक्कीत दळून डीडीटीचे रेणू फोडायचं नवं तंत्र वापरलं. जाळण्यापेक्षा बरा मार्ग वाटतो ना? पण जमीन स्थानिक परिषदेची आणि परवाने देणारीही तीच परिषद. मूळ ठेकेदार बाजूला झाल्यावर पर्यावरण मंत्रालयाने परवाने स्वतःच्या नावावर घेतले आणि काम पुढे रेटलं. २००८ मध्ये तिथल्या संसदीय पर्यावरण आयुक्तांनी अहवालात कान उपटले. माती वाळवताना डायऑक्सिन हे अतिशय विषारी रसायन तयार होण्याची शक्यता होती, त्यावर पुरेशी नजर ठेवली नव्हती. प्रक्रियेसाठी तांबं मिसळलं, ते मातीत राहिलं. कामगारांच्या तब्येतीच्या तक्रारी आल्या त्या वेगळ्याच. आता तिथे बाग आहे, घरं आहेत, आणि जागा पूर्वीपेक्षा निश्चितच स्वच्छ आहे. पण स्वतःच मालक आणि स्वतःच राखणदार असलं की काय सुटतं ते तिथे दिसलं.

आता नमुन्यांविषयी, कारण खरी मेख तिथे असते. समजा पाच ठिकाणची माती काढून एका बादलीत कालवली आणि तिचा एक नमुना केला. चार ठिकाणी जवळजवळ काहीच नाही, पाचव्या ठिकाणी जुना ड्रम गळत होता आणि तिथे विष मर्यादेच्या चौपट आहे. सरासरी किती? मर्यादेच्या ऐंशी टक्के. पास! कुणी खोटं बोललेलं नाही, आकडा खरा आहे, आणि त्या पाचव्या ठिकाणी उद्या मुलांची घसरगुंडी बसणार आहे. म्हणून नमुने कुठून घेतले, किती खोलीवरून घेतले आणि वेगवेगळे तपासले की एकत्र करून, हे विचारल्याशिवाय अहवालातल्या आकड्याला अर्थ नाही. आणि नकाशावर चौकटी आखून भोकं पाडण्याआधी तिथल्या जुन्या कामगारांना गाठा. माल कुठे भरायचे, टाक्या कुठून गळायच्या, बिघडलेली बॅच रात्री कुठल्या खड्ड्यात ओतायचे, हे कागदावर नसतं, त्यांना तोंडपाठ असतं.

मर्यादेचंही तसंच. गोदामासाठीची मर्यादा वेगळी, घरासाठीची वेगळी, कारण रांगतं मूल माती तोंडात घालतं आणि गोदामात मूल रांगत नाही. गोदामासाठी पास झालेल्या जमिनीवर दहा वर्षांनी घरं उठली तर जुन्या प्रमाणपत्राचा उपयोग शून्य. म्हणून काय काढलं, काय खाली ठेवलं आणि त्यावर काय करायचं नाही, ही नोंद जमिनीच्या कागदपत्रांवर कायमची हवी, मालक कितीही बदलोत. झाकण घातलं असेल तर त्याच्या देखभालीचे आणि भूजलावर नजर ठेवायला खणलेल्या निरीक्षण विहिरींच्या तपासणीचे पुढच्या कित्येक दशकांचे पैसे बांधकाम सुरू होण्यापूर्वी वेगळ्या खात्यात जमा हवेत. तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं बिलही त्याच खात्यातून जावं, बिल्डरच्या खिशातून नको.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहीत आहे: सगळं उघड केलं तर घरं विकली जाणार नाहीत. सिडनीतलं ऱ्होड्स बघा. भोपाळवाल्या युनियन कार्बाइडनेच तिथे डीडीटी आणि तणनाशकं बनवली, डायऑक्सिन शेजारच्या खाडीत गेलं. जमीन आणि खाडीचा गाळ उपसून, भट्टीत तापवून साफ केला. तिथे काय होतं हे जगजाहीर आहे, तरी आज त्या जागी उंच इमारती आहेत आणि माणसं राहताहेत. डायऑक्सिनमुळे २००६ मध्ये सिडनी बंदरातली व्यावसायिक मासेमारी बंद झाली, आणि बंदरावरच्या मोठ्या पुलाच्या पश्चिमेला पकडलेले मासे खाऊ नका ही सूचना अजून आहे. ती लपवलेली नाही. लोकांना खरं सांगितलं तर ते विचार करून निर्णय घेतात, एवढा विश्वास आपण त्यांच्यावर ठेवायला हवा.

तुम्ही अशा जागेवर घर घेत असाल तर फक्त शेवटचं प्रमाणपत्र बघून सही करू नका. नमुन्यांच्या जागांचा नकाशा, खोलीप्रमाणे आकडे, भूजलाचे अहवाल आणि देखभालीच्या खात्याचा कागद मागा. 'ते सगळं ऑफिसात आहे' म्हणाले, तर ऑफिसात जा.