गडगा आणि पुढचा जन्म

वडिलांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. पावसजवळचं आमचं गाव, नदीकाठ, केळीच्या पानावर भात सुकत चाललेला आणि कावळे माडावर बसून नुसते बघताहेत. थोरले काका म्हणाले, "गडग्यात जीव अडकलाय त्याचा. तीन फूट सोडतो म्हणून सांग बघू." गडगा म्हणजे त्याच्या आणि आमच्या जमिनीमधला दगडी बांध; समोर तो चुलतभाऊ उभा. माझे कान तापले, दाढा आवळल्या गेल्या, अगदी वडील आवळायचे तशाच. हॅम्बुर्गला येऊन मला सतरा वर्षं झाली. रोज पहाटे ध्यानाला बसतो. त्या तीन फुटांची मला कधीच गरज पडायची नाही. तरी तोंडातून शब्द फुटला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

तेव्हापासून भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर वाद पेटलाय. एक बाजू म्हणते, वासना राहिली, आता जीव परत इथेच जन्माला येणार. दुसरी बाजू चार्वाकाचं 'भस्मीभूतस्य देहस्य पुनरागमनं कुतः' (राख झालेला देह परत कुठून येणार?) टाकून मोकळी. दोन्हीकडे माझी जिवाभावाची माणसं आहेत. पण वाद सगळा वडिलांच्या वासनेचा. आपापल्या वासनेबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, आणि हेच मला खुपतं.

जगण्याला चिकटून राहायच्या ओढीला योगसूत्रांत पतंजली अभिनिवेश म्हणतात. ती विद्वानालाही सुटत नाही, असं बजावतात. त्या सूत्रांवरचं व्यासभाष्य पुढे जातं: नुकत्या जन्मलेल्या किड्यालाही मरणाचं भय असतं, म्हणजे मरण त्याने पूर्वी भोगलेलं असणार. त्याच भयाला जीवशास्त्र उत्क्रांतीचा वारसा म्हणतं, आणि मला ते जास्त पटतं. पण योगसूत्रांच्याच विभूतिपादातलं सूत्र बघा: 'संस्कारसाक्षात्करणात् पूर्वजातिज्ञानम्'. आधी संस्कार, म्हणजे मनावर उमटलेले जुने ठसे, डोळ्यांसमोर दिसायला हवेत, मागच्या जन्माची गोष्ट त्यानंतर. आम्ही दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केलीय.

इथे हॅम्बुर्गला हा वादच नाही. शेजारच्या आजी गेल्या, त्यांच्या दफनाची जागा पंचवीस वर्षांसाठी आहे. मुदत वाढवली नाही, तर ती पुढे दुसऱ्या कुणाची. आवाज न चढवता सगळं पार पडलं. ही शांतता मला इतकी वर्षं माझ्या साधनेचं फळ वाटत होती. खरं म्हणजे इथे माझ्या बांधाला कुणी हात लावत नाही, एवढंच. भाड्याच्या फ्लॅटला गडगा कुठला? माझा राग, माझा लोभ मला दाखवणारी माणसं तिकडे पावसजवळ राहतात, आणि त्यांच्यापासून लांब राहून मी स्वतःला निवलेला समजत होतो.

परवा चुलतभावाचा फोन आला. "पावसात गडगा ढासळला रे. नवा कुठून रचू?"

दाढा पुन्हा आवळल्या. या वेळी आवळताना मला कळल्या.

"उद्या सांगतो," म्हणालो.