फ्यूज मोठा केल्याने लॉक दुरुस्त होत नाही

जुन्या गाडीचे सेंट्रल लॉकिंग, म्हणजे सगळी दारे एकदम बंद-उघडी करणारी यंत्रणा, घरच्या घरी दुरुस्त करण्याचे पाच उपाय सांगणारा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की, लॉकचा फ्यूज वारंवार उडत असेल तर सरळ ३० अँपिअरचा घालावा आणि तोही नसेल तर उडालेल्या फ्यूजला चंदेरी कागद गुंडाळावा. एका दाराचे लॉक चालेनासे झाले की चारही दारांच्या मोटरी बदलाव्यात. बॅटरीची तार थोडा वेळ काढून ठेवली की यंत्रणा ‘रीसेट’ होते. रिमोट लांबून चालत नसेल तर तो हनुवटीला टेकवून दाबावा. आणि किल्ली आत राहून दारे बंद झाली तर घरच्या माणसाला दुसरा रिमोट फोनजवळ धरून दाबायला सांगावे. हा संदेश माझ्या धाकट्या भावाकडे आला आणि त्याने विश्वासाने त्यातला पहिला उपाय करूनही टाकला. म्हणून हे उत्तर लिहिणे भाग आहे.

सर्वांत घातक उपाय पहिलाच आहे. फ्यूज बसवलेला असतो तो वायरच्या रक्षणासाठी. ज्या जाडीची वायर दारापर्यंत नेली आहे ती जेवढा प्रवाह न तापता वाहू शकते, त्याच्या आत फ्यूज तुटावा असा हिशेब गाडी बनवणाऱ्याने केलेला असतो. फ्यूज दुप्पट क्षमतेचा घातला म्हणून वायर दुप्पट जाड होत नाही. प्रवाह दुप्पट झाला की वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता मात्र चौपट होते. गाडीतल्या पात्यांच्या फ्यूजसाठी आयएसओ ८८२०-३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यातले आकडे पाहिले तर पुढे वादच उरत नाही. फ्यूजने आपल्या क्षमतेच्या ११० टक्के प्रवाह १०० तास सहन करावा आणि १३५ टक्के प्रवाहाला तो जास्तीत जास्त १० मिनिटांत तुटावा, असे ते सांगते. म्हणजे ३० अँपिअरच्या फ्यूजमधून ३३ अँपिअर तासन्‌तास वाहत राहिले आणि ४०.५ अँपिअर दहा मिनिटांपर्यंत वाहिले, तरी फ्यूजमध्ये काही दोष आहे असे म्हणता येणार नाही. मूळच्या १५ अँपिअरच्या फ्यूजच्या हिशेबाने टाकलेली वायर तेवढ्या वेळात दाराच्या पुठ्ठ्याआड किंवा पायाखालच्या गालिच्याखाली आपले आवरण वितळवून शेजारच्या वायरींनाही घेऊन बसेल. चंदेरी कागदाला तर ठरलेली क्षमताच नसते. तिथे वायर हाच फ्यूज होतो.

शिवाय निरोगी यंत्रणेत लॉकचा फ्यूज वारंवार उडतच नाही. उडतो आहे याचा अर्थ कुठेतरी वायर गाडीच्या पत्र्याला टेकते आहे, किंवा एखादी मोटर जाम होऊन जास्त प्रवाह ओढते आहे. भावाच्या गाडीत मी तो हिरवा ३० चा फ्यूज काढून मूळचा निळा १५ चा बसवला आणि चालकाच्या दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळी मागे सरकवली. दार हजारो वेळा उघडमिट झाल्याने वायरी तिथे सतत वाकत असतात. एका वायरचे आवरण नेमके पत्र्याच्या भोकाच्या कडेवर घासून गेले होते, उघड्या तांब्यावर हिरवट थर चढला होता आणि कडेवर ठिणग्यांचे काळे ठिपके होते. छोटा फ्यूज उडून हाच बिघाड सांगत होता आणि मोठ्या फ्यूजने त्याचे तोंड बंद केले होते. ज्यांनी हा उपाय करून ठेवला असेल त्यांनी फ्यूजच्या झाकणावरचा किंवा गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाहून मूळ क्षमतेचा फ्यूज आजच परत बसवावा, ही कळकळीची विनंती आहे.

चारही मोटरी बदलण्याचा सल्ला धोकादायक नाही, पण निव्वळ उधळपट्टीचा आहे. बिघाड एका दारापुरता आहे की सगळ्या दारांचा, हा पहिला प्रश्न. सगळीच दारे गप्प असतील तर फ्यूज, अर्थिंग (वायरीची गाडीच्या पत्र्याशी असलेली जोडणी), नियंत्रणाचा डबा किंवा चालकाच्या दारातला स्विच तपासावा; चारही मोटरी एकाच दिवशी जळत नाहीत. किल्लीने सगळी दारे लागतात पण रिमोटने लागत नाहीत, तर मोटरींचा संबंधच नाही. दारे लागून लगेच पुन्हा उघडत असतील तर चालकाच्या दारातला स्विच चुकीची खबर देतो आहे, अशी शंका आधी घ्यावी. एकच दार अडले असेल तर त्या दाराची वायर, मोटर आणि कुलपाची यांत्रिक जोडणी एवढेच पाहायचे असते. (मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ सारख्या काही जुन्या गाड्यांत तर दारांत विजेच्या मोटरीच नाहीत, तिथे लॉक निर्वात दाबावर चालते, त्यांच्या मालकांनी हा संदेश वाचून काय बदलायचे?)

तपासणी अवघड नाही. दाराच्या मोटरीला साधारणपणे दोन वायरी असतात, आणि त्यांतल्या प्रवाहाची दिशा उलटली की लॉक उघडायचे ते बंद होते. हा प्रवाह क्षणभरच येतो, त्यामुळे डिजिटल मीटरवर तो बऱ्याचदा पकडता येत नाही. त्या दोन वायरींमध्ये टेस्ट लॅम्प, म्हणजे प्रवाह आला की पेटणारा तपासणीचा छोटा दिवा, जोडून दुसऱ्या कोणाला लॉक दाबायला सांगावे. दिवा ठसठशीत लुकलुकला आणि मोटर हलली नाही, तर मोटर दोषी. दिवा लागलाच नाही किंवा मिणमिणला, तर पुन्हा बिजागरीजवळच्या रबरी नळीकडे जावे आणि एकेक वायर हलकेच ओढून पाहावी. आतले तांबे तुटले असेल तर वरून धड दिसणारे आवरण रबरासारखे ताणले जाते. जोड देताना तो वाकणाऱ्या जागेत देऊ नये, कारण डाग दिलेली (सोल्डर केलेली) वायर तिथे ताठ होते आणि डागाच्या शेजारीच पुन्हा तुटते. लवचिक वायरचा नवा तुकडा घालून दोन्ही जोड नळीच्या बाहेर घ्यावेत. पुठ्ठा काढल्यावर आत चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा दिसतो, तो फाडू नये, नाहीतर काचेवरून उतरणारे पाणी आत पुठ्ठ्यापर्यंत येते. दारात एअरबॅग असेल तर पुस्तिकेप्रमाणे बॅटरी सोडवल्याशिवाय पुठ्ठ्याला हात लावू नये.

बॅटरीची तार काढण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जुन्या गाडीतल्या लॉकच्या डब्यात रीसेट होण्याजोगे फारसे काही नसते आणि तुटलेली वायर तार काढून सांधली जात नाही. रेडिओ सांकेतिक क्रमांक मागू लागतो, तेवढा मनस्ताप वाढतो. बॅटरी अशक्त असेल तर लॉक मंद चालते हे खरे, पण त्यासाठी तिचा दाब मोजावा: गाडी काही तास उभी राहिल्यानंतर पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते.

हनुवटीची गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. रिमोटमधून रेडिओ लहरी निघतात, डोक्यातल्या पाण्याशी त्यांचा संयोग होतो आणि रिमोटचा पल्ला थोडा वाढतो. हे खरोखर घडते. पण काल लांबून चालणारा रिमोट आज जवळून दाबावा लागत असेल तर त्यातला सेल संपत आला आहे, आणि तो बदलणे हाच त्यावरचा इलाज आहे.

फोनचा उपाय शंभर टक्के खोटा आहे. बहुतेक गाड्यांचे रिमोट ३१५ किंवा ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर बोलतात. फोन फक्त आवाज पोहोचवतो, आणि साध्या कॉलमध्ये तोही ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यातला. रिमोटची लहर फोनच्या मायक्रोफोनला ऐकूच येत नाही, मग ती पलीकडे पोहोचणार कशी? हे खोटे निरुपद्रवी वाटते, पण बंद गाडीत किल्लीबरोबर लहान मूल अडकलेले असताना कोणी फोन कानाला लावून प्रयोग करत बसले तर उन्हात आतले तापमान काही मिनिटांत जिवावर बेतेल इतके चढते. अशा वेळी लगेच आपत्कालीन मदत बोलवावी, आणि मदत येण्याआधी मूल मलूल दिसू लागले तर त्याच्यापासून सर्वांत लांबची बाजूची काच कोपऱ्यावर टोकदार वस्तूने फोडावी. समोरच्या काचेवर वेळ घालवू नये, तिच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिक असते आणि ती तडकली तरी जागची हलत नाही.