एका पेनापायी

चूक माझीच. नाशिकला एका शैक्षणिक मेळाव्यात पेन आणि कापडी पिशवी फुकट मिळत होती, फक्त एक फॉर्म भरायचा होता. मुलाच्या नावापुढे मी माझा मोबाइल नंबर टाकला, तोही त्याच पेनाने. दुसऱ्या ओळीला शाई संपली.

दुसऱ्या दिवसापासून इंजिनिअरिंग कॉलेजांचे फोन सुरू. आंघोळीला गेलो की फोन, दुपारी डोळा लागला की फोन. "हाय ओंकार! अभिनंदन, तुझं सिलेक्शन झालंय!" ओंकारची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, अजून व्हायची होती.

आधी मी "त्याचा बाबा बोलतोय" असं सांगायचो. मग सोडून दिलं. खरं सांगू? बरं वाटायला लागलं. १९९१ साली बारावीला ५४ टक्के पडले तेव्हा माझं अभिनंदन करायला घरातलंही कोणी पुढे आलं नव्हतं. आता रोज एक गोड आवाज विचारत होता, "तुझं ड्रीम काय आहे, ओंकार?" बायकोने हे लग्नाआधीसुद्धा विचारलं नव्हतं. शिवाय 'फक्त तीन सीट उरल्यात' असं सोमवारी सांगणारं कॉलेज गुरुवारी पाच उरल्यात म्हणायचं. सीटना पिल्लं होत असावीत.

मग एक प्राध्यापक थेट घरीच आले. मेकॅनिकलचे, पीएचडी झालेले, घामाघूम. पोह्यांची दुसरी प्लेट घेताना मोकळे झाले: स्टाफमधल्या प्रत्येकाला पाच अ‍ॅडमिशनचं टार्गेट. त्यांची दोनच झाली होती, त्यातला एक सख्खा भाचा. माहितीपत्रकावर हिरवळीवर लॅपटॉप घेऊन हसणारी चार मुलं. भर उन्हात स्क्रीनवर यांना काय दिसत असेल, देव जाणे. खाली ठळक '१०० टक्के प्लेसमेंट', आणि त्याला चिकटून मुंगीएवढ्या अक्षरात 'सहाय्य'. मी नॅकचं, म्हणजे कॉलेजांना मिळणाऱ्या सरकारी दर्जाचं, विचारलं. चारपैकी किमान ३.५१ मिळाले की ए डबल प्लस, हे त्यांनी नीट समजावून दिलं. तुम्हाला किती, म्हटल्यावर पोह्यांवर लिंबू मागितलं.

"सरकारी प्रवेशाचे कॅप राउंड होऊ द्या, मग बघू," मी म्हणालो.

"बघा हं. मॅनेजमेंट कोट्याच्या वीस टक्के जागा झटकन जातात," असं म्हणत ते उठले. मला त्यांचीच काळजी वाटली. अजून तीन राहिले होते बिचाऱ्यांचे.

यथावकाश निकाल लागला. ७१ पर्सेंटाइल. आई पेढे वाटायला निघाली. तिला थांबवून म्हटलं, "हे टक्के नव्हेत. शंभरातली एकाहत्तर मुलं याच्या मागे आहेत, एवढंच." ती म्हणाली, "आणि पुढची एकोणतीस कोणाची?"

त्याच संध्याकाळी गोड आवाजाचा फोन. "ओंकार, सेव्हंटी वन! तुला फीमध्ये पन्नास टक्के स्कॉलरशिप!" मूळ फी किती, ते मात्र कॅम्पसवर आल्यावरच सांगणार होते.

आता मी कबूल केलं की मी ओंकार नाही. ती गडबडली नाही. "माहितीये काका. ओंकार एवढा वेळ बोललाच नसता."

मी ओशाळून विचारलं, "तू कुठे शिकलीस, बाळ?"

"इथेच. मागच्या वर्षी पासआउट, कॉम्प्युटर."

"आणि प्लेसमेंट?"

"झाली ना. इथेच, अ‍ॅडमिशन सेलमध्ये." मग आवाज एकदम खाली आला. "काका, आज सीटसाठी टोकन रक्कम भरता का? माझं एकच राहिलंय."