ग्वार गमच्या द्रावणाबद्दलच्या तक्रारीस उत्तर

महोदय,

आमच्या ग्वार गम पावडरचे (गवारीच्या बियांपासून केलेली, पाणी घट्ट करणारी पावडर) द्रावण संध्याकाळी करून ठेवले, सकाळी ते ताकासारखे पातळ झाले, त्या अर्थी मालात भेसळ आहे, असे अभिप्रायात लिहून आपण गुणांकनात एकच तारा दिला आहे. द्रावण पातळ झाले हे मला मान्य आहे. भेसळ मान्य नाही.

आपल्या बॅचचा राखीव नमुना आम्ही अंबडच्या कारखान्यात 1000 लिटर पाण्याला 4.8 किलो या प्रमाणात मिसळून पाहिला. 25 अंश सेल्सिअसला, व्हिस्कोमीटरच्या (घट्टपणा मोजणाऱ्या यंत्राच्या) मिनिटाला 300 फेऱ्यांवर, श्यानता म्हणजे घट्टपणा 37 सेंटीपॉइज भरला, म्हणजे या प्रमाणाला भरायला हवा तेवढाच. मग आपण पाठवलेल्या टाकीतल्या पाण्यात तोच नमुना मिसळला. पहिल्या तासाला आकडा जवळपास तोच राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 9 वर आला.

ग्वार गम ही मुळात साखरेच्या रेणूंची लांब साखळी असल्यामुळे साचलेल्या पाण्यातील जिवाणूंना ते आयते अन्न मिळते, आणि त्यांनी सोडलेली एन्झाइम्स ती साखळी तोडत जातात. कमी तापमानाच्या तेल-वायूच्या विहिरीत काम संपल्यावर जेल (घट्ट झालेले द्रावण) मोडण्यासाठी आपण मुद्दाम जो एन्झाइम ब्रेकर घालता, त्याचेच हे काम, फक्त नको त्या वेळी आणि फुकट. म्हणून टाकी धुऊन, पावडर घालण्यापूर्वीच पाण्यात ग्लुटाराल्डिहाइडसारखे बायोसाइड (जिवाणूनाशक) घालावे लागते. उशिरा घातलेले बायोसाइड जिवाणू मारते, पण आधीच सुटलेल्या एन्झाइम्सना पुरते आवरत नाही. आपल्या माणसांनी पातळ द्रावणात बोरेट क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना जोडून द्रावण घट्ट करणारे रसायन) वाढवून पाहिला, त्याचाही म्हणूनच उपयोग झाला नाही. जोडायला पुरेशा लांब साखळ्याच उरल्या नव्हत्या.

आता आमची चूक. मालासोबत दिलेल्या माहितीपत्रकात बायोसाइडचा उल्लेख नव्हता, आणि पाणी कुठले, किती दिवसांचे, हे न विचारताच आमच्या विक्री प्रतिनिधीने ‘रात्रभर ठेवले तरी चालते’ असे आपल्याला फोनवर सांगितले. तसे सांगायला नको होते. वाया गेलेल्या द्रावणात जितक्या गोण्या लागल्या, तितक्या आम्ही स्वखर्चाने पोहोचवू. उरलेला माल मात्र परत घेणार नाही, कारण त्यात दोष नाही. पुढील कामापूर्वी पाण्याचा नमुना पाठवल्यास बायोसाइडची मात्रा तपासून कळवू. त्याचे शुल्क घेणार नाही.