राजदूत साहेब दोनदा पडले, त्याबद्दल

ऑस्ट्रेलियाचे माजी राजदूत आणि आता राजकारणी असलेले डेव्ह शर्मा यांचा फोटो आमच्या ग्रुपवर मधूनमधून येतो. खाली तिरंगा, जोडलेले हात आणि मजकूर ठरलेला : 'आपला माणूस ऑस्ट्रेलियाच्या संसदेत.' आडनाव शर्मा दिसलं की पुढे कोणी काही विचारत नाही. एरवी चोपड्याहून यावलला सोयरीक करायची तरी मामेकुळापर्यंत चौकशी करणारी माणसं आपण!

तर चौकशी करून टाकतो. वडील त्रिनिदादमध्ये जन्मलेले, भारतीय वंशाच्या घरातले. आई सिडनीची. मुलगा जन्मला १९७५ साली कॅनडात, व्हँकुव्हरला. १९७९ मध्ये हे कुटुंब सिडनीला आलं. भारताशी नातं आहे ते असं दूरचं, समुद्रावरून फिरून आलेलं. अभिमान कोणाला वाटत असेल तर वाटू द्या. मला या माणसात रस आहे तो तो हरला म्हणून.

केंब्रिजला शिकून शर्मा १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्र खात्यात लागले. पापुआ न्यू गिनी, वॉशिंग्टन असं करत २०१३ मध्ये इस्रायलला राजदूत झाले, तेव्हा वय अवघं ३७. हुशारीबद्दल शंकाच नको. पण राजदूताची नोकरी काय असते बघा. राजधानीतून जे सांगतील ते बोलायचं, स्वतःचं मत पोटात ठेवायचं. बैठक बंद दाराआड, अहवाल गोपनीय. आणि मुख्य म्हणजे तुम्ही कसे वागलात हे ठरवायला रांगेत उभं राहून कोणी बटण दाबत नाही. निवडणुकीत पहिल्याच दिवशी हे सगळं उलटं होतं. पानटपरीवरचा माणूससुद्धा विचारतो, 'साहेब, तुम्ही कोठले? आतापर्यंत कुठे होतात?'

शर्मांना हा प्रश्न लगेच भेटला. ऑगस्ट २०१८ मध्ये पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांना त्यांच्याच लिबरल पक्षाने पायउतार केलं. त्यांनी खासदारकीही सोडली आणि सिडनीतल्या वेंटवर्थ मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. बाँडायच्या किनाऱ्याचा, पैसेवाल्यांचा भाग, लिबरल पक्षाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा गड. नवे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांना तिथे महिला उमेदवार हवी होती. स्थानिक पक्षसदस्यांनी तरीही शर्मांना निवडलं, आणि शर्मा तर त्या मतदारसंघात राहतही नव्हते. आपल्याकडे अशाला 'पार्सल' म्हणतात. ओरड तिकडेही झाली. फक्त त्या ओरडीत त्यांच्या आडनावापेक्षा त्यांच्या घराचा पत्ता जास्त होता, हे मला आवडलं.

पुढचा भाग तर जळगाव जिल्हा परिषदेत शोभला असता. मतदानाला चार दिवस उरलेले असताना मॉरिसन यांनी जाहीर केलं की इस्रायलमधला आपला दूतावास तेल अवीवहून जेरुसलेमला नेण्याचा विचार करू. कल्पना कोणाची, तर माजी राजदूत शर्मांची, असंही सांगितलं. वेंटवर्थमध्ये ज्यू मतदार बऱ्यापैकी आहेत. जेरुसलेमवर पॅलेस्टिनींचाही दावा आहे, त्यामुळे शेजारचा मुस्लिमबहुल इंडोनेशिया भडकला, तिथल्या व्यापार कराराचं काय होणार याची चर्चा सुरू झाली. परराष्ट्र धोरणासारखा नाजूक विषय एका पोटनिवडणुकीच्या तोंडावर बाजारात मांडला गेला, आणि तोही ज्याने आयुष्यभर असे विषय जपून हाताळले त्याच माणसाच्या नावावर. मतदारांना काय वाटलं असेल? मला तरी वाटतं, एवढं अजीजीने कोणी द्यायला लागलं की माणूस आधी संशयच घेतो.

निकाल समजायला आम्हा मास्तर लोकांना अडचण नाही, कारण शिक्षक मतदारसंघात आपण हेच करतो : एक, दोन, तीन असे पसंतीक्रम लिहायचे. पहिल्या पसंतीची सगळ्यांत जास्त मतं शर्मांनाच होती. पण बाकीचे उमेदवार बाद होत गेले तशी त्यांची पुढची पसंती अपक्ष डॉ. केरिन फेल्प्स यांच्याकडे वळली, आणि राजदूत साहेब पडले. त्यांच्यासोबत सरकारचं एका जागेचं बहुमतही गेलं.

इथे आपल्याकडचा साहेब काय करतो ते सांगतो. निवृत्तीच्या आदल्या वर्षापासून गणपती मंडळांच्या बॅनरवर फोटो. मग 'भूमिपुत्र', मग तिकिटासाठी मुंबईच्या चकरा. तिकीट नाही मिळालं किंवा मिळून आपटी खाल्ली की पंधरा दिवसांत पुण्याच्या फ्लॅटवर. पुढच्या बॅनरला एकदम पाच वर्षांनी हजर! उन्हाळ्यात टँकर कुठे लागतो, केळीवर करपा आलाय का, याच्याशी त्या मधल्या काळात साहेबांचा संबंध शून्य. अशाला आपण जन्मदाखला पाहून 'आपला' म्हणायचं आणि बाहेरून आलेल्याला 'पार्सल'. प्रतिभाताई पाटील आपल्याकडे जळगाव, एदलाबादहून आमदार होत्या आणि १९९१ मध्ये अमरावतीहून खासदार झाल्या. सासर तिकडचं, हे खरं. तरी मला कळत नाही, तेव्हा आपण अमरावतीकरांना 'पार्सल पाठवलंय' असं म्हणालो होतो का?

शर्मा सात महिन्यांत त्याच वेंटवर्थमध्ये पुन्हा उभे राहिले आणि मे २०१९ मध्ये त्याच फेल्प्स यांना थोडक्या मतांनी हरवून लोकसभेसारख्या त्यांच्या खालच्या सभागृहात गेले. २०२२ मध्ये पुन्हा पडले. या वेळी ॲलेग्रा स्पेंडर या दुसऱ्या अपक्ष बाईंनी पाडलं. हवामान बदलावर लिबरल सरकारची चालढकल त्या शहरी मतदारांना पटली नव्हती, आणि त्या रागाचा फटका शर्मांना बसला.

आपल्या देशात मला यांच्या जवळचे वाटतात ते मणिशंकर अय्यर. जन्म लाहोरचा, नोकरी परराष्ट्र सेवेतली. तमिळनाडूतल्या मयिलादुतुराईतून १९९१ ला जिंकले, १९९६ आणि १९९८ ला हरले, १९९९ आणि २००४ ला जिंकले, २००९ ला पुन्हा हरले. त्यांची जीभ मला अजिबात पटत नाही. पण एकच मतदारसंघ धरून एवढ्या वेळा मार खायला तयार असलेला माजी अधिकारी मी दुसरा पाहिला नाही. उमेदवार कुठला, हे विचारा की खुशाल. त्याच्यासोबत हेही विचारा, पडलात तर निकालानंतरच्या सोमवारी कुठे असाल?

आता शर्मांचं जे खटकतं तेही लिहितो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते सिनेटमध्ये, म्हणजे तिकडच्या वरच्या सभागृहात गेले, पण ते मरिस पेन यांनी सोडलेल्या जागेवर. तिकडे सिनेटची जागा मध्येच रिकामी झाली की त्याच पक्षाचा माणूस नेमतात, पोटनिवडणूक होत नाही. पक्षांतर्गत मतदान त्यांनी जिंकलं हे मान्य, नियमही पाळले. तरी ज्या मतदारांनी पाडलं त्यांच्याकडे परत न जाता वरच्या सभागृहाचा जिना चढणं, याला मी पुनरागमन म्हणणार नाही. आपल्याकडे पडलेल्यांची विधान परिषदेत सोय लावतात तेव्हा आपण नाक मुरडतो, मग इथेही मुरडलं पाहिजे. पेन यांची ती मुदत जून २०२८ मध्ये संपते. तोवर ग्रुपवर फोटो टाकणाऱ्यांनी 'निवडून आले' एवढं तरी लिहू नये.